ऐनाचा वासा

गेल्या पावसाळ्यात माझ्या इलेक्ट्रिक गिटारचा फ्रेटबोर्ड नेकपासून सुटला. गिटार जुनी, स्वस्तात घेतलेली. श्रावणात एक दिवस केस उघडली तर पाचव्या फ्रेटपासूनची पट्टी उचललेली आणि फटीत बुरशीची पांढरी रेघ. ओल्या फडक्याने पुसायला गेलो तर फडकं काळं झालं. ज्याला मी इतकी वर्षं रोझवूड समजत होतो, ते फिकट रंगाचं कसलंसं लाकूड होतं. वरून काळा रंग दिलेला होता.

फ्रेटबोर्ड म्हणजे नेकच्या दर्शनी बाजूला चिकटवलेली लाकडी पट्टी. धातूचे फ्रेट तिच्यात ठोकलेले असतात आणि वाजवणाऱ्याची बोटं दिवसभर तिच्यावरच फिरतात. नवी पट्टी कोणत्या लाकडाची करावी, हे विचारायला मला दोन माणसं होती. एक मामा. दोडामार्गातला सुतार. दारं, देव्हारे, छपरं यांत त्याचा जन्म गेला. दुसरा माझा मावसभाऊ, म्हणजे मामाचा दुसरा भाचा. तो म्हापशात गिटारी दुरुस्त करतो आणि रात्री वाजवतोही. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, मामाच्या खळ्यात आम्ही तिघं बसलो. बोलणं मालवणीत झालं. इथे बहुतेक प्रमाण मराठीत लिहिलं आहे. मी फार बोललो नाही, म्हणून ते दोघे काय म्हणाले तेवढंच देतो.

मामा : (भाच्याने आणलेली काळपट पट्टी हातात फिरवत) ह्या लाकूड खयचा रे?

भाचा : शिसवी आहे, मामा. रोझवूड.

मामा : नाव मी ओळखलं. कुठल्या रानातलं, कधी तोडलेलं, किती वर्षं सुकलेलं, ते सांग.

भाचा : मुंबईच्या दुकानातून मागवलं. गिटारसाठीच कापलेलं येतं. रान कुठलं ते त्यावर लिहिलेलं नसतं.

मामा : मग तुला अर्धंच माहीत आहे, झिला.

भाचा : पण जे माहीत आहे ते पक्कं आहे. शिसवी मला कधी दगा देत नाही. मुळात तेलकट लाकूड, त्यामुळे वर लॅकर मारावं लागत नाही. घामाचा हात लागून मळकट दिसत नाही. कठीण आहे, तारांनी लवकर झिजत नाही. आणि पारख झालेली आहे. फेंडर कंपनीने 1950 च्या सुमाराला गिटारी काढल्या तेव्हा नेक अख्खी मेपलची असायची. मेपल गोरं लाकूड. लॅकर उडालं की बोटांच्या जागी काळे डाग पडायचे. 1958 मध्ये जॅझमास्टरला त्यांनी रोझवूडची पट्टी लावली आणि 1959 पासून स्ट्रॅटोकास्टर, टेलिकास्टरलाही. पासष्ट वर्षं जगभरचे वादक ज्या लाकडावर वाजवताहेत, ते सोडून मी प्रयोग का करू?

मामा : आवाजासाठी म्हणत नाहीस?

भाचा : नाही. तसं सांगणारे पुष्कळ भेटतात. शिसवीचा सूर उबदार, मेपलचा लख्ख, असं ते म्हणतात. पण इलेक्ट्रिक गिटारचा आवाज सतारीसारखा लाकडातून बाहेर पडत नाही. तारांखाली पिकअप असतो. लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज उमटते आणि ती अँप्लिफायरला जाते. पिकअपला तारच ऐकू येते.

मामा : मग लाकूड नुसतं आधाराला?

भाचा : अगदी तसंही नाही. तार किती वेळ वाजत राहील, यात लाकडाचा थोडा हात असतो. आर्थर पाते आणि त्यांच्या फ्रान्समधल्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये एकसारख्या गिटारींवर हे मोजलं. एकीला इबनीची पट्टी, दुसरीला रोझवूडची. फरक दिसला, पण सगळीकडे सारखा नाही. नेक जिथे तारेची ताकद स्वतःकडे ओढते, अशा ठरावीक जागी सूर लवकर विझतो आणि लाकूड बदललं की तिथलं गणित बदलतं. 2018 मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या मंडळींनी पोकळ पेटीच्या (अकूस्टिक) गिटारींचा प्रयोग केला. सहा गिटारी, फक्त पाठीचं आणि बाजूचं लाकूड वेगळं. 52 वादकांना लाकूड दिसू न देता वाजवायला दिल्या. महाग लाकडाला जास्त पसंती मिळाली नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाला सुराच्या नावाने शिसवी विकत नाही. हाताला बरी लागते आणि टिकते, एवढंच सांगतो.

मामाने ती पट्टी दोन बोटांत टोकाशी धरली आणि दुसऱ्या हाताच्या पेराने मध्यावर ठोकली. खणखणीत वाजली. मग उठून आत गेला आणि मांगराच्या, म्हणजे शेतघराच्या, छपरातून काढलेला हातभर तुकडा घेऊन आला. बाहेरून राखाडी, धुराने काळवंडलेला. एका टोकाला त्याने रंधा मारून ठेवला होता. तिथे आत तपकिरी रंग, त्यात गडद काळसर पट्टे. तोही ठोकला. आवाज थोडा खालचा, पण तितकाच स्वच्छ.

मामा : मी ठोकतो ते सुरासाठी नाही. आत भेग असेल, कीड असेल, ओल असेल तर लाकूड भद्द वाजतं. हे दोन्ही निरोगी आहेत. हा ऐन. आजोबांच्या मांगराचा वासा. मांगर पाडला तेव्हा सगळे म्हणाले, सरपणाला टाक. मी टाकला नाही.

भाचा : ऐन? मामा, ऐन घराला ठीक. नांगराला, बैलगाडीला ठीक. गिटारच्या कामात अर्ध्या मिलिमीटरचा हिशोब असतो.

मामा : हिशोब सांग तर मला.

भाचा : या गिटारची तार वरच्या नटपासून खालच्या ब्रिजपर्यंत 648 मिलिमीटर. हा आकडा 17.817 ने भागायचा. आला 36.37. तिथे पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार, तिथे दुसरा. असं करत बारावा फ्रेट बरोबर मध्यावर येतो, 324 वर. प्रत्येक फ्रेटसाठी सुमारे 0.6 मिलिमीटर रुंदीची खाच. खाच रुंद झाली तर फ्रेट उचलतो, अरुंद झाली तर पट्टी पाठीमागे वाकते. सतारीत हा त्रास नाही. तिथे पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात. सूर हलला तर सरकवता येतात. मिरजेचे कारागीर दांडीला तून वापरतात. हलकं, कामाला सोपं लाकूड. ते तिथे शोभतं, कारण बोट तार पडद्यावर दाबतं, लाकडाला घासत नाही. गिटारमध्ये फ्रेट लाकडात ठोकून कायमचा बसवलेला. लाकूड हललं की सगळंच हललं.

मामा : आता मुद्द्यावर आलास. लाकूड हलणारच. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आषाढात दार फुगून चौकटीत अडकतं, चैत्रात तेच खडखडतं. तुझी शिसवीसुद्धा फुगेल.

भाचा : फुगते. उन्हाळ्यात पट्टी आकसते, धातूचा फ्रेट आकसत नाही. मग फ्रेटची टोकं कडेला बाहेर येतात आणि हात सरकवताना बोट कापतं. मे महिन्यात माझ्याकडे निम्मी कामं हीच असतात.

मामा : मग लाकडाचं नाव नंतर. आधी काप बघ. ही तुझी शिसवी. (पट्टीचं टोक पुढे धरून) टोकाला वर्षांच्या रेषा कशा गेल्यात? आडव्या. म्हणजे हा काप रुंदीत फुगणार आणि आकसणार. उभ्या रेषेचा काप घेतला तर तेच लाकूड निम्मंच हलतं. शहरातलं दुकान फळ्या जास्त निघाव्यात म्हणून आडवा काप काढतं. आणि हा वासा साठ-सत्तर पावसाळे छपरात काढून बसलाय, खाली चुलीचा धूर. जेवढा वाकायचा होता तेवढा वाकून झाला. मला उभ्या रेषेचे तुकडे काढू दे.

भाचा काही वेळ टोकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, हे मान्य. दुकानातून आलेला माल तो टोकाकडून बघत नव्हता, रंगाकडून बघत होता. पण ऐनाबद्दलची त्याची शंका गेली नव्हती.

भाचा : ऐनाची नस सरळ नसते, मामा. एका थरात इकडे, दुसऱ्यात तिकडे. रंधा मारताना उचकटतो. छिद्रं शिसवीपेक्षा मोठी. खाच मारली की कडा तुटणार.

मामा : उचकटतो, खरं आहे. करवतीची धारही खातो. त्याच्याशी घाई केलेली चालत नाही. आता एक सांग, ही दुसरी गिटार कोणाची?

भाच्याबरोबर दुरुस्तीला आलेली एक स्क्वायर होती, फेंडरच्या स्वस्त मालिकेतली. मामाने ती मांडीवर घेतली. चष्मा कपाळावर सारला आणि पट्टी डोळ्यांजवळ नेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये अंगठ्याचं नख आडवं फिरवलं.

मामा : ह्यो ऐन.

भाचा : नाही. कंपनी त्याला इंडियन लॉरेल म्हणते. रोझवूडऐवजी गेली काही वर्षं स्क्वायरला हेच येतं, एपिफोनलाही येतं.

मामा : कंपनी काहीही म्हणो. ही छिद्रं बघ, हा काळा पट्टा बघ, आणि आता वाशाच्या रंधलेल्या भागाशेजारी ठेव.

मी फोनवर शोधलं. इंडियन लॉरेल या नावाखाली विकलं जाणारं झाड म्हणजे टर्मिनालिया एलिप्टिका. वनस्पतिशास्त्रातलं ऐनाचं नाव. मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची साल असलेलं, तिलारीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी दिसणारं, शेतात टाळ, म्हणजे पानांसकट डहाळ्या, पसरायला ज्याच्या फांद्या तोडतात ते झाड. शिसवीचं वजन घनमीटरला साधारण 830 किलो, ऐनाचं साधारण 850. मेपल 700 च्या आसपास. आपल्या मांगराच्या छपरातलं लाकूड इंग्रजी नाव घेऊन परदेशी गिटारवर बसून दोडामार्गात परत आलं होतं, आणि आमच्यातल्या एकानेच ते ओळखलं.

भाचा : (बराच वेळाने) कंपन्या ऐनाकडे वळल्या त्याचं कारण तुला माहीत आहे का?

मामा : स्वस्त म्हणून.

भाचा : तेही. पण त्याआधी कायदा आला. शिसवीच्या कुळातली झाडं जगभर इतकी तोडली गेली की 2 जानेवारी 2017 पासून ते अख्खं कूळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेलं. ब्राझीलचं रोझवूड तर 1992 पासून पहिल्या परिशिष्टात. गिटार सीमेपार पाठवायची तरी कागदपत्रं लागू लागली. फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या गिटारींना पाओ फेरो लावलं, बाकीच्यांनी लॉरेल. पुढे वाद्यं बनवणाऱ्यांनी गाऱ्हाणं मांडलं आणि 2019 च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना सूट मिळाली. तोवर नव्या लाकडांची सवय झाली होती.

मामा : वाद्यांनी कितीसं लाकूड खाल्लं असेल?

भाचा : तयार पट्टी भरते जेमतेम 120 ग्रॅम. जंगलं संपली ती मुख्यतः फर्निचरपायी. पण पट्टीवरूनही केवढं रामायण झालं! 2011 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी सरकारने गिब्सन या गिटार कंपनीच्या कारखान्यांवर छापे घातले. जप्त केलं त्यात आपल्या देशातून गेलेल्या शिसवीच्या आणि इबनीच्या पट्ट्या होत्या. आपल्याकडून कच्चं कापलेलं लाकूड निर्यात करता येत नाही, तयार वस्तू करता येते. मग फ्रेट न बसवलेली पट्टी कच्चं लाकूड की तयार भाग, यावर वाद. वर्षभराने तडजोड झाली. मादागास्करच्या इबनीसाठी गिब्सनने तीन लाख डॉलर भरले, भारतीय लाकडाबाबत कायदा स्पष्ट नाही असं ठरून ते परत मिळालं. तेव्हापासून मला वाटतं, पट्टी छोटी असली तरी तिचा कागद असावा.

मामा : मग ऐन आपलाच बरा. काजूच्या बागेच्या कडेला एक उभा आहे, माझ्या सातबाऱ्यावरचा. तो पाडला तर तुला जन्मभर पट्ट्या पुरतील. पाहिजे तर तिथेच एक टेंभुर्णी आहे, तिचा गाभा तुझ्या इबनीसारखा काळा.

भाचा : नको.

मामा : का? आपलं झाड आहे.

भाचा : झाड आपलं, पण ऐन 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे. आणि उच्च न्यायालयाने 2013 पासून दोडामार्गात झाड पाडायला बंदी घातली आहे. सावंतवाडी-दोडामार्ग हा पट्टा जनावरांची येण्याजाण्याची वाट आहे. 2020 मध्ये तिलारीचं 29.53 चौरस किलोमीटर रान संवर्धन राखीव झालं. मार्च 2024 मध्ये न्यायालयाने पट्ट्यातली 25 गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करायला सांगितलं.

मामा : बंदी मला माहीत आहे. हत्ती 2002 ला आले तेव्हापासून माझ्या माडांचं काय झालं तेही मला माहीत आहे. पण माझ्या डोळ्यांदेखत डोंगर साफ होऊन रबर उभं राहिलं. मी एक ऐन पाडला तर रान संपतं?

भाचा : तुझ्या एका झाडाने संपत नाही. पण तुझं झाड पाडायला मी सांगितलं, तर डोंगर साफ करणाऱ्याला मी काय तोंडाने बोलणार? हत्तीने तुझे माड मोडले, त्याची भरपाई मागायला मी तुझ्याबरोबर येईन. ऐन पाडायला येणार नाही. आणि सुताराच्या हिशोबानेही बघ. आज पाडलेला ऐन या पावसात पट्टीजोगा सुकेल?

मामा : (थोडं थांबून) नाही. फळी करून सावलीत ठेवला तरी दोन-तीन वर्षं. नाहीतर पिळतो.

भाचा : आणि वासा आज तयार आहे.

इथे दोघेही माझ्याकडे बघायला लागले, कारण गिटार माझी होती. मी म्हटलं, एक खाच मारून बघू.

मामाने वाशातले दोन गंजलेले खिळे उपटले, तिसऱ्याच्या जागेपासून चार बोटं सोडून तुकडा कापला. बाहेरचं पांढरट लाकूड, जिथे भुंग्याची टाचणीएवढी भोकं होती, ते सगळं काढून टाकलं. आतल्या गाभ्यातून उभ्या रेषेची पट्टी काढली आणि आठ मिलिमीटरवर आणली. भाच्याने त्याची बारीक करवत लावली आणि पहिली खाच मारली. कडेचा एक तुसा उडाला. भाच्याने मान हलवली, म्हणजे तो म्हणालाच होता. मामाने पट्टी आपल्याकडे ओढली. गुण्या लावला, सुरीच्या टोकाने खाचेच्या दोन्ही कडांच्या जागी आधी खोल रेघ ओढली, तंतू वरच्या वर कापून घेतले, मग करवत रेघांच्या मध्ये चालवली. दुसरी खाच स्वच्छ उतरली. भाच्याने त्यात फ्रेटचा तुकडा लाकडी हातोडीने बसवला, नखाने उचलून पाहिला. हलला नाही.

भाचा : बसला. पण मामा, एका पट्टीला बावीस खाचा. प्रत्येकीला असं सुरीने आखत बसलो तर दिवस गेला. गिऱ्हाईक दिवसाचे पैसे देत नाही. दुकानात मी शिसवीच वापरणार. फक्त यापुढे टोक बघून घेणार आणि कुठली ते विचारणार.

मामा : विचार. शिसवी वाईट कोण म्हणतो? मी देव्हारे तिचेच केले. पण आपल्या घरच्या गिटारला दिवस गेला तर गेला.

मत दोघांचंही बदललं नाही, आणि मला ते योग्य वाटतं. भाचा रोज चार वाद्यं हाताळतो. त्याला एकसारखं, भरवशाचं, वेळेत होणारं लाकूड हवं. मामा एकेक तुकडा ओळखून वापरतो. त्याला नावापेक्षा त्या तुकड्याची हकिकत महत्त्वाची. पण दोघांचं ऐकून माझं मत पक्कं झालं. इलेक्ट्रिक गिटारच्या पट्टीसाठी लाकडाची जात हा शेवटचा प्रश्न आहे. आधी ते पूर्ण सुकलेलं आहे का बघावं, रेषा उभ्या आहेत का बघावं, आणि ते आलं कुठून हे विचारावं. या तिन्हींची उत्तरं चांगली असतील, तर शिसवी असो, मेपल असो की ऐन, हाताला जे आवडेल ते घ्यावं. नुसत्या नावावर घेतलं तर काय होतं, ते माझ्या रंगवलेल्या पट्टीने दाखवलं.

आणि एक सांगणं कोकणातल्या वाचकांना. दर उन्हाळ्यात आपल्याकडे जुनी घरं, मांगर, गोठे पाडले जातात आणि वासे चुलीत जातात. त्यात ऐन असतो, किंजळ असते, फणस असतो, कुठे कुठे शिसवीही असते. एकही उभं झाड न पाडता मिळणारं, दोन पिढ्या मुरलेलं लाकूड आहे ते. जाळण्याआधी गावातल्या सुताराला एकदा दाखवा.

मामाच्या वाशातून खिळे आणि भेगा वगळून अकरा पट्ट्या निघाल्या. एक माझ्या गिटारवर आहे. दहा माळ्यावर, काठ्यांवर अंतर ठेवून रचलेल्या आहेत. काजूच्या बागेकडचा ऐन उभा आहे.